दुसरा आवाज



तुमच्यापैकी बहुतेकांना मी संगणकापुढे बसणारी म्हणूनच माहीत आहे. पण संगीताच्या बाईंनी शिकवलेली पेटी मी सोडली नाही. २०२३ साली तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन मी केनियात, किसुमूला, एका प्राथमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून गाणं शिकवायला गेले. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे. हिंदुस्थानी मजुरांनी बांधलेली मोंबासाची रेल्वे १९०१ मध्ये तिथे पोचली, त्यामुळे आपली माणसं त्या गावाला नवीन नाहीत.

वर्गात चाळीस मुलं, पेटी एक. मुलं मला ‘म्वालिमू’ म्हणत, म्हणजे बाई. मी ‘तेना’ म्हटलं की पुन्हा म्हणायचं, ‘पोलेपोले’ म्हटलं की सावकाश. एक मुलगा मात्र कायम खाली गायचा. सगळे ‘ग’वर, तर हा ‘सा’वर, सगळे ‘प’वर, तर हा ‘ग’वर. दोनदा थांबवलं, तिसऱ्यांदा मागे बसवलं. तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग नुसता पुटपुटत होता.

मधल्या सुट्टीत तिथल्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, “तो चुकत नव्हता. दुसरा आवाज देत होता.” ही मुलं चर्चमध्ये लहानपणापासून वेगवेगळ्या स्वरांत मिळून गातात. सगळ्यांनी एकच स्वर लावायचा, हा नियम माझा होता, त्यांचा नव्हता. त्यांनीच मला न्यातिती ऐकवली. लुओ लोकांचं हे आठ तारांचं वाद्य. वाजवणाऱ्याच्या पायात घुंगरं असतात, आणि अंगठ्यातलं लोखंडी कडं वाद्यावर आपटून तो ताल धरतो.

मी त्या मुलाची माफी मागितली, त्याला पुढे बसवलं आणि पेटी बंद केली. त्या दिवशी वर्ग मोकळ्या गळ्याने गायला.

रात्री मला आपली सातवीतली समूहगीत स्पर्धा आठवली. गटप्रमुख मी होते. एका मैत्रिणीचा आवाज खाली लागतो म्हणून मी बाईंकडे तक्रार केली आणि तिचं नाव कमी झालं. त्यानंतर ती शाळेत कधी गायली नाही. आज ती इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. हे मी तिला फोनवरही सांगू शकले असते. पण तिचं नाव सगळ्यांसमोर कमी झालं होतं, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते.

आता प्रार्थना होईल. तू तुझ्या पट्टीत गा गं. या वेळी मी जुळवून घेईन.