खनिजांची भूमी मागे का राहिली?



राज्याच्या सीमेत वर्षभरात झालेल्या उत्पादनाच्या मूल्याला लोकसंख्येने भागले, की दरडोई उत्पादन मिळते. या निकषावर गोवा अग्रभागी, तर बिहार तळाशी आहे. ही तफावत केवळ निसर्गाने निर्माण केली आहे काय?

छोटा नागपूरच्या पठाराचा इतिहास याचे नकारार्थी उत्तर देतो. २००० पर्यंत बिहारचा भाग असलेल्या आजच्या झारखंडात कोळसा व लोहखनिजाचे विपुल साठे आहेत. स्वातंत्र्योत्तर काळात केंद्राने मालवाहतूक खर्चाच्या समानीकरणाचे धोरण स्वीकारले आणि पोलाद देशभर एकाच दराने मिळू लागले. हेतू समतोल विकासाचा होता. परंतु खाणींजवळ कारखाना उभारण्याचा लाभ त्यामुळे नाहीसा झाला. पश्चिमेकडील कापसाला हे समानीकरण लागू नव्हते. पोलादावर आधारित उद्योग बंदरे आणि मोठ्या बाजारपेठांच्या आश्रयाने वाढले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी हे धोरण मागे घेण्यात आले, तोवर उद्योगांची घडी बसून गेली होती.

धोरण हे विषमतेचे एकमेव कारण नव्हे. जमीनदारी, अपुरे शिक्षण आणि दुबळ्या पायाभूत सुविधा यांचाही त्यात वाटा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी राज्यांमधील करवाटपात उत्पन्नातील अंतराला ४५ टक्के भार दिला. त्यामुळे गरीब राज्यांना अधिक निधी मिळाला. मात्र उत्पादन वाढण्यासाठी त्या निधीतून शाळा, रस्ते आणि वीज उभी राहावी लागते.