चाई : शास्त्रदृष्टी आणि दक्षता
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात एका वैद्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मस्तकावर रुपयाएवढा वाटोळा, गुळगुळीत चट्टा दिसू लागतो. बहुधा खवले नसतात, ठणका नसतो. केस मात्र नाहीसे झालेले असतात. याला आपण 'चाई' म्हणतो. आयुर्वेदात याचे नाव इंद्रलुप्त.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, १३ व्या अध्यायात, क्षुद्ररोगांमध्ये याचे वर्णन आहे. रोमकूपांत शिरलेले पित्त वातासह केस पाडते. मागाहून रक्तासह कफ ती रंध्रे रोखून धरतो, म्हणून नवा केस उगवत नाही. केस एकाएकी जातात ते इंद्रलुप्त आणि क्रमाक्रमाने जातात ते खालित्य, असा भेद वाग्भटांनी केला.

चिकित्सेची दिशा या विचारातूनच ठरते. रोखलेली रंध्रे मोकळी करावयाची. त्यासाठी स्नेहन, स्वेदन व शिरावेध सांगितले आहेत. चट्ट्यावर ओरखडे काढून गुंजेचा लेप, तसेच मालती, कण्हेर, चित्रक आणि करंज यांनी सिद्ध केलेले तेल सांगितले आहे.

येथेच सावध करणे माझे कर्तव्य आहे. गुंज आणि कण्हेर ही तीव्र विषे आहेत. गुंजेचे शोधन दुधात किंवा कांजीत करण्याचा दंडक आहे. कच्च्या गुंजा उगाळून लावल्यामुळे डोक्यावर फोड उठलेला नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणण्यात आला होता. चाईपेक्षा त्या उपचाराचाच व्रण भरून येण्यास अधिक काळ लागला. असे प्रयोग घरी कदापि करू नयेत.

शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते, असे आधुनिक वैद्यक सांगते. लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात औषधावाचूनही भरून येतात. म्हणून श्रेय लेपाचे की निसर्गाचे, हे एकेका रुग्णावरून ठरविता येत नाही. आम्हा वैद्यांनीही हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. चट्टे वाढत असतील किंवा भुवया गळू लागल्या असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब लावू नये.

शेवटी आपणांस एक विनंती. चाई संसर्गजन्य नाही. खवले, खाज आणि तुटलेले केस दिसले, तर मात्र ते डोक्यावरील गजकर्ण असू शकते. ते पसरते आणि त्याचे औषध वेगळे आहे. हा फरक डॉक्टरांकडून निश्चित करून घ्यावा. परंतु चाई झालेल्या मुलाला वेगळ्या बाकावर बसवू नये, त्याची टोपी उतरवू देऊ नये. त्याचे केस बहुधा परत येतील. वर्गात झालेली मानहानी मात्र तो आयुष्यभर विसरणार नाही.