गुळगुळीत दगडी कुऱ्हाड : उत्पादन, विनिमय आणि वारसा

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



म्हैसूरहून नंजनगूडकडे जाताना कडकोळ हे गाव लागते. आज ते रेल्वे स्थानक आणि औद्योगिक वसाहत यांमुळे ओळखले जाते. या टापूतून वाहणारी कबिनी म्हणजेच कपिला नदी पुढे टी. नरसीपूर येथे कावेरीला मिळते. त्या संगमावर एम. शेषाद्री यांनी केलेल्या उत्खननात नवाश्मयुगीन वस्ती उजेडात आली. कारखान्यांच्या या प्रदेशात उत्पादनाचा इतिहास किती मागे जातो, याचा विचार दगडी कुऱ्हाडीपासून सुरू करता येतो.

'नवाश्मयुग' ही संज्ञा जॉन लबक यांनी १८६५ मध्ये रूढ केली. घासून गुळगुळीत केलेली हत्यारे हे त्या युगाचे लक्षण मानले गेले. पुढे गॉर्डन चाइल्ड यांनी १९३६ मध्ये 'नवाश्मयुगीन क्रांती'ची कल्पना मांडून शेती व पशुपालनावर भर दिला. त्यामुळे घासलेली कुऱ्हाड आणि शेती एकाच वेळी अवतरली, असा समज पाठ्यपुस्तकांतून पसरला. तो सर्वत्र खरा नाही. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागात सापडलेला घासलेल्या कुऱ्हाडीचा तुकडा ४५ हजार वर्षांच्या आसपासचा आहे, आणि तेथील लोक शेती करीत नव्हते. म्हणजेच हे तंत्र निरनिराळ्या समाजांनी स्वतंत्रपणे शोधले. शेतीने त्याची मागणी मात्र कित्येक पटींनी वाढवली, कारण जंगल तोडणे, घरांसाठी लाकूड तासणे ही कामे वाढली.

दक्षिण भारतातील पुरावा

रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळ्ळारी परिसरातील नवाश्मयुगीन स्थळांची नोंद केली. १९४७ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी ब्रह्मगिरी येथे उत्खनन करून दगडी कुऱ्हाडींची संस्कृती महापाषाणीय थराच्या खाली असल्याचे दाखवले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे बी. सुब्बाराव यांनी संगनकल्लू येथे काम केले. दक्षिणेतील नवाश्मयुग स्थूलमानाने इ.स.पू. ३००० ते १२०० या काळातील आहे. हे लोक गुरे, शेळ्या-मेंढ्या पाळत, कुळीथ, मूग व भरड धान्ये पिकवत. शेण जळून झालेले राखेचे प्रचंड ढिगारे ही त्यांची खास खूण होय.

संगनकल्लूजवळील हिरेगुड्ड या टेकडीवर डोलेराइट दगडाचा पट्टा आहे. रवी कोरिसेट्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून तेथील कुऱ्हाडनिर्मितीचे चित्र स्पष्ट झाले. कामाचे चार टप्पे होते : छिलके काढून ओबडधोबड आकार देणे, टोचे मारून पृष्ठभाग सम करणे, पाणी व वाळू घालून खडकावर घासणे आणि शेवटी झिलई देणे. पहिला टप्पा थोड्या वेळात उरकतो, घासण्यास मात्र दीर्घकाळ लागतो. कातळावरील खोल चरे या श्रमाची साक्ष देतात. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात येथील उत्पादन स्थानिक गरजेपेक्षा बरेच मोठे होते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. उत्पादन विनिमयासाठी होत होते, काही माणसे कौशल्याचे काम करीत होती आणि त्यांच्या वाट्याचे धान्य इतरांच्या श्रमातून येत होते. नाणे, नगर आणि राज्यसंस्था नसतानाही श्रमविभागणी उभी राहू शकते, हा त्याचा अर्थ.

प्रसार : वस्तूचा की तंत्राचा?

महाराष्ट्रात नेवासे व चांडोली येथील ताम्रपाषाणयुगीन थरांत डोलेराइटच्या घासलेल्या कुऱ्हाडी मिळाल्या आणि अभ्यासकांनी त्यांचा संबंध दक्षिणेशी जोडला. संगमनेरजवळील जोर्वे येथे तांब्याच्या सहा कुऱ्हाडी सापडल्या. तांबे दुर्मीळ व महाग असल्याने दगडाची उपयुक्तता लगेच संपली नाही. नवे तंत्रज्ञान जुन्याला एका दिवसात हटवत नाही, हे येथे दिसते.

कुऱ्हाड दूरवर सापडली म्हणजे ती तेथून आलीच असे नाही. केवळ तंत्रही प्रवास करू शकते. दगडाचे खनिजघटक तपासूनच उगम ठरवता येतो. आल्प्समधील मॉन्ते व्हिसो येथील हिरव्या दगडाच्या कुऱ्हाडी ब्रिटनपर्यंत पोहोचल्या, हे अशाच तपासणीतून सिद्ध झाले.

आजचा प्रश्न

अशी तपासणी करायची तर मूळ खाण, छिलके व घासण्याचे चरे जागेवर असावे लागतात. बळ्ळारी परिसरातील टेकड्यांवर ग्रॅनाइटसाठी झालेल्या खोदकामाने नेमके तेच धोक्यात आणले. बांधकामाचा दगड हे गौण खनिज असून १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम १५ नुसार त्याचे नियम राज्य सरकार करते. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळांना १९५८ च्या कायद्याचे संरक्षण आहे. अन्य पुरातत्त्वीय स्थळे समवर्ती सूचीच्या ४० व्या नोंदीत येतात. अनुच्छेद ४९ राज्यावर, तर ५१अ (च) नागरिकांवर वारसा जपण्याचे कर्तव्य सोपवतो.

दगडाची किंमत बाजार ठरवतो, स्थळाच्या ज्ञानमूल्याची नोंद मात्र कोणत्याही हिशेबात होत नाही. खडी अन्य टेकडीतूनही मिळू शकते, हिरेगुड्डसारखे स्थळ पुन्हा निर्माण करता येत नाही. म्हणून खाणपट्टा देण्यापूर्वी पुरातत्त्वीय पाहणी सक्तीची असावी आणि तिचा खर्च प्रकल्पाच्या खर्चातच धरला जावा. उद्या प्रशासनात जाणाऱ्यांपैकी अनेकांच्या टेबलावर अशा परवानग्यांच्या फायली येतील. नकाशावर केवळ 'पडीक टेकडी' अशी नोंद असेल, तेव्हा तेथे काय आहे हे विचारण्याची जबाबदारी त्यांच्यावर असेल.