सैल जोडाचा हिशेब

श्रोतेहो, नागपुरात वैशाखात घरोघर कूलर लागतात आणि जुन्या तारांवरचा भार आपण विसरतो. समजा, तारेतून 10 अँपिअर प्रवाह वाहत आहे आणि एका सैल जोडापाशी 5 व्होल्ट दाब खर्ची पडतो. ओहमच्या 1827 च्या नियमाप्रमाणे दाबाला प्रवाहाने भागावे. जोडाचा रोध निघतो अर्धा ओहम. क्षुल्लकच की! पण आता भागण्याऐवजी गुणू या: 50 वॅट. जुन्या 60 च्या दिव्याला चटका बसेतो हात लावलेले येथे पुष्कळ असतील. जवळजवळ तेवढी उष्णता पेराएवढ्या जागेत कोंडते. रोध तोच राहून प्रवाह दुप्पट झाला, तर 200 वॅट! फ्यूज मात्र स्वस्थ. त्याला प्रवाह तेवढा कळतो, जोड कळत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, कूलर लावण्यापूर्वी वायरमनकडून जोड आवळून घ्यावेत.