तिसऱ्या दिवशीचा घोडा
(पनवेल येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत ‘इव्हेंटिंग’ हा शब्द वाचून दोघातिघांनी मला विचारलं, की डॉक्टर, निवृत्तीनंतर लग्नाची कंत्राटं घ्यायला लागलात की काय! तसं काही नाही. मी आयुष्यभर गुरांचा आणि घोड्यांचा डॉक्टर होतो, आणि आज घोड्यांच्याच एका स्पर्धेबद्दल बोलणार आहे. ही स्पर्धा मी बरीच वर्षं लांबून पाहत आलोय, आधी वर्तमानपत्रातल्या चार ओळींतून आणि आता मोबाईलवर. गेल्या वर्षअखेरीस थायलंडमधल्या पट्टाया इथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाल्या. त्यात इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्णपदक आशीष लिमये या आपल्या घोडेस्वाराने मिळवलं. घोड्याचं नाव विली बी डन. आपल्या गावात लिमये म्हटलं की वाचनालय आठवतं. आता घोडाही आठवायला हरकत नाही. पण ही बातमी आपल्याकडे किती जणांनी वाचली? हात वर करा... बघा, चार. त्यातही चौथ्याने शेजाऱ्याचा बघून वर केला.

या स्पर्धेत तीच जोडी, म्हणजे तोच घोडा आणि तोच स्वार, तीन परीक्षा देतात. पहिली ड्रेसाज. आखलेल्या चौकोनात ठरलेल्या क्रमाने चाली दाखवायच्या: चालणं, दुडकी, चौखूर, वळणं. आरडाओरडा नाही, चाबकाचा फटकारा नाही. पंचांनी दिलेले टक्के शंभरातून वजा करतात आणि उरतील ते दंडाचे गुण. दुसरी क्रॉस-कंट्री. मोकळ्या रानात चारपाच किलोमीटर भरधाव जायचं. वाटेत ओंडके, चर, पाण्याचे डोह, चढउतार. घोडा अडला तर २० गुण दंड, त्याच अडथळ्याशी पुन्हा अडला तर ४०, स्वार पडला तर बाद. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर सेकंदाला ०.४ गुण. तिसरी परीक्षा मैदानातल्या उड्यांची. तिथले दांडे नुसते टेकवलेले असतात, खूर लागला की खाली. प्रत्येक दांड्याला ४ गुण. शेवटी ज्याचा दंड सगळ्यात कमी तो जिंकला.

आता यात गोम कुठे आहे ते सांगतो. पहिल्या दिवशी घोड्याने शांत राहायचं, दुसऱ्या दिवशी बेफाम धावायचं आणि तिसऱ्या दिवशी, अंग दुखत असताना, पुन्हा शांत राहून पाय उचलून घ्यायचे. तिसऱ्या परीक्षेआधी घोड्याला पशुवैद्य आणि पंचांपुढून लगाम धरून, कडक जमिनीवर दुडक्या चालीने नेतात. पाऊल जरा जरी जड पडलं तरी त्याची स्पर्धा तिथेच संपते. आदल्या दिवशी तो पहिला असला तरी संपते.

आमच्या धंद्यात हे रोजचंच. घोडा दुडकीवर असला की लंगडणं लपत नाही. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मग गुडघ्याखालच्या नडगीच्या मागे बोटं फिरवायची. तिथे कंडरा दोरीसारख्या, थंड आणि कोरड्या लागल्या पाहिजेत. एका पायाला दुसऱ्यापेक्षा ऊब जास्त लागली, की मालक काहीही सांगो, घोड्याला विश्रांती. इथून जवळच माथेरानला जा. दस्तुरीपाशी पर्यटक विचारतात, ‘घोडा पळतो का?’ घोडेवाला मात्र आधी खाली वाकून खूर उचलून बघतो, नालेत खडा अडकलाय का. त्या दोघांतला घोड्याचा जाणकार कोण, हे मी सांगायला नको.

ही स्पर्धा मुळात लष्कराची. घोडदळाचा घोडा कवायतीत देखणा दिसतो, लांबवर पळतो, हे ठीक. पण कालच्या मजलेनंतर आज पुन्हा खोगीर चढवण्याजोगा उरलाय का, हे तपासायला ती निघाली. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये ती पहिल्यांदा झाली तेव्हा एका दिवशी ५५ किलोमीटरची रपेट होती. दुसऱ्या महायुद्धानंतरपर्यंत भाग घ्यायला लष्करी अधिकारीच असावं लागे. १९५२ ला मुलकी पुरुषांना दार उघडलं, १९६४ ला टोकियोत स्त्रियांना. आता स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत, एकाच यादीत उतरतात. घोड्याला पाठीवर कोण बसलंय याचं काही पडलेलं नसतं, आणि माझ्या मते खेळांच्या जगात इतकी सरळ समानता फार कमी ठिकाणी आहे. २०२१ च्या टोकियोत जर्मनीच्या युलिया क्रायेव्स्कीने वैयक्तिक सुवर्ण घेतलं, तेव्हा ते घेणारी ती पहिली स्त्री ठरली.

पण जुनं ते सगळं सोनं नव्हतं. १९३६ चं बर्लिन घ्या. क्रॉस-कंट्रीत चौथा अडथळा एका तळ्यात होता. घोडे उडी मारून पाण्यात गेले आणि एकामागून एक कोसळले. जर्मनीच्या कोनराड फॉन वांगेनहाइमचं हाड तिथे मोडलं, गळ्याखालचं. तो पुन्हा चढला, बाकीची वाट पुरी केली, दुसऱ्या दिवशी हात बांधलेल्या अवस्थेत उड्यांना उतरला, घोड्यासकट पुन्हा आडवा झाला, पुन्हा चढला, आणि जर्मन संघाला सुवर्ण मिळालं. ही गोष्ट घोड्यांच्या दुनियेत आजही कौतुकाने सांगतात. त्याच स्पर्धेत तीन घोडे मेले. त्यांची नावं सांगताना कुणी ऐकलंय? मी तरी नाही. माझा राग त्या स्वारावर नाही. ज्या तपासणीसाठी खेळ जन्मला तीच विसरून तो खेळवला गेला, त्यावर आहे.

पुढे हे बदललं, पण सावकाश आणि दर वेळी किंमत मोजून. १९९९ मध्ये एकट्या ब्रिटनमध्ये पाच घोडेस्वार या खेळात दगावले. मग अडथळ्यांच्या ओंडक्यांत अशा खुंट्या आल्या, की घोडा जोराने आदळला तर ओंडका निसटून खाली यावा आणि घोड्याने कोलांटी खाऊ नये. लांब रपेट आणि स्टीपलचेसचे, म्हणजे कुंपणांवरून भरधाव दौडीचे, टप्पे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून गेले. जुनी मंडळी हळहळली, की आता घोड्याचा दम कुठे कळणार? मला त्यांची हळहळ समजते, पण पटत नाही. दम बघायला जीव घ्यावा लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, हे सगळं साहेबाचं. आपलं यात काय?

चिपळूणच्या छावणीतल्या आपल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, एवढंच त्यातलं आपण भाषणांत सांगतो. पण त्या पत्राचा गाभा घोड्यांची वैरण आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच मनमानी खर्चलंत तर ऐन पावसात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असा त्याचा रोख आहे. कोकणातला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला यातला व्यवहार लगेच कळेल. पागेची व्यवस्थाही तशीच होती: २५ बारगिरांमागे एक हवालदार, आणि २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि खूर, या दोन गोष्टींना माणसं नेमलेली. आजच्या इव्हेंटिंगच्या संघात घोड्याची देखभाल करणारी माणसं, नालबंद आणि डॉक्टर यांची जी फौज असते तिचं हे पूर्वरूप म्हणायला मला संकोच वाटत नाही. उद्याच्या घोड्याचा विचार आपल्याकडे होता. नंतर आपण घोडा वरातीत आणि पुतळ्यांत ठेवला आणि बाकीचा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सोडून दिला. शर्यत म्हटली की आपल्याला काही सेकंदांचा मामला लागतो. बैलगाडा शर्यतींना १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता कायम ठेवली तेव्हा आपल्या रायगडात गुलाल उधळला गेला. मीही खूश होतो. पण शर्यत संपल्यावर दुसऱ्या दिवशी बैल कसा चालतो हे बघायला किती जण गोठ्यात जातात?

असो. भारताचं पान १९८२ चं. दिल्लीच्या आशियाई खेळांत अश्वारोहण पहिल्यांदाच आलं. इव्हेंटिंगमध्ये ६१ कॅव्हलरीच्या रघुबीर सिंग यांनी शहजादावर बसून सुवर्ण घेतलं. गुलाम मोहम्मद खान दुसरे, प्रल्हाद सिंग तिसरे. सांघिक सुवर्णही आपलंच. ही ६१ कॅव्हलरी १९५३ साली विलीन संस्थानांच्या घोडदळांतून उभी राहिली, आणि त्या घोडदळांत ग्वाल्हेर लान्सर्स होते, म्हणजे शिंद्यांचे स्वार. तेव्हा त्या पदकात पागेचा थोडा अंश आपलाही धरायला हरकत नाही.

त्यानंतर आशियाई खेळांत वैयक्तिक पदकाला ३६ वर्षं लागली. घोडं अडलं कुठे? पैसा, मैदानं, प्रशिक्षक हे सगळं खरंच; पण एक मोठं कारण माझ्या खात्यातलं आहे. घोड्यांचे काही रोग, उदाहरणार्थ ग्लँडर्स, देशात असले की युरोप त्या देशातून घोडा सहजी घेत नाही. म्हणजे आपला स्वार इथे कितीही तयार होवो, त्याचा घोडा तिथल्या स्पर्धांना थेट जाऊच शकत नाही. मग स्वारालाच तिकडे जाऊन राहावं लागतं, तिकडचाच घोडा घ्यावा लागतो, तो घ्यायला धनिक आश्रयदाता लागतो. मुंबईचे इम्तियाज अनीस २००० साली सिडनी ऑलिंपिकला परदेशी राहूनच पोचले आणि २३ वे आले. फवाद मिर्झा हे मूळचे बंगळूरचे; त्यांनी जर्मनीत मुक्काम ठोकला. घोडा सेनॉर मेडिकॉट, मालकी पुरस्कर्त्यांची. आपल्या जुन्या हिशेबात स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. मिर्झा बारगीर म्हणायचे, आणि बारगिरावर महाराजांचा भरवसा जास्त होता! २०१८ ला जकार्ताच्या आशियाई खेळांत त्यांनी वैयक्तिक रौप्य आणि संघासोबत सांघिक रौप्य मिळवलं.

२०२१ ला टोकियोत हीच जोडी ऑलिंपिकला उतरली. ड्रेसाजमध्ये २८ गुण, त्यावेळी नववे. क्रॉस-कंट्री टोकियोच्या खाडीत कचऱ्याच्या भरावावर उभारलेल्या बेटावर होती, उन्हामुळे सकाळी लवकर. मेडिकॉट एकाही अडथळ्याशी अडला नाही, पण वेळेत २८ सेकंद उशीर, म्हणजे ११.२० गुण. उड्यांच्या दिवशी दोन दांडे पडले आणि जोडी २५ वी झाली. ऑलिंपिकमध्ये उड्यांची आणखी एक, अंतिम फेरी असते आणि तिच्यात पंचवीसच घेणार होते! अंतिम उड्यांत आणखी तीन दांडे आणि एका सेकंदाचा उशीर झाला, एकूण ५९.६०, क्रमांक २३. अनीसही २३ वेच होते, हा योगायोग. वर्तमानपत्रांनी ‘पदक हुकलं’ असं छापलं. मला मात्र त्या पंधरा वर्षांच्या घोड्याने क्रॉस-कंट्रीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोनदा उड्यांना उतरावं, हेच मोठं वाटलं. त्याच क्रॉस-कंट्रीत स्वित्झर्लंडच्या जेट सेट नावाच्या घोड्याची पायाची अस्थिबंधनं तुटली आणि त्याला कायमचं झोपवावं लागलं. खेळ सुरक्षित झालाय असं मी मघाशी म्हणालो, त्याला ही मर्यादा आहे.

एक चांगली बातमी सांगतो, कारण ती क्रीडापानावर येत नाही. मेरठला लष्कराच्या पशुवैद्यकीय केंद्रात घोड्यांसाठी रोगमुक्त कक्ष उभारलाय, आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. तिथे कुंपणाच्या आत येणारी माणसं, खाद्य, माश्या, सगळ्यांवर बंधनं आहेत, रक्ताच्या नियमित चाचण्या आहेत. तिथला घोडा आता बाहेरच्या स्पर्धांना जाण्याची वाट मोकळी होते आहे. अश्वारोहणाच्या इतिहासात पदकांची यादी कुणी करील, तेव्हा या कुंपणाला त्यात जागा द्यावी.

येत्या सप्टेंबरात जपानमध्ये आइची-नागोयाचे आशियाई खेळ आहेत. बघणार असाल तर पहिल्या दिवशीच्या गुणांवर नाचू नका. चारपाच गुणांचा फरक क्रॉस-कंट्रीत बारा सेकंदांत भरून निघतो. दुसऱ्या दिवशी अडथळ्यापेक्षा अडथळ्यानंतरची दहा पावलं बघा. घोडा स्वतःहून पुढे ओढतोय की स्वार टाचा मारतोय, ते तिथे दिसतं. आणि तिसऱ्या दिवशी गुणतक्ता उघडण्याआधी पशुवैद्यांच्या तपासणीचा निकाल शोधा. तो सहसा टीव्हीवर दाखवत नाहीत, पण यादी निघते. त्या यादीत आपली नावं शाबूत असली, तर संध्याकाळी चहा ठेवा आणि उड्या बघायला बसा.

आता प्रश्न असतील तर विचारा. बैलांबद्दलही चालतील.