मानेला पट्टा बांधण्याआधी



हाडांचे, मेंदूविकारांचे, कान-नाक-घशाचे आणि रेडिओलॉजीचे डॉक्टर एका सभागृहात शेजारी शेजारी बसलेले क्वचितच दिसतात. मान मात्र या सगळ्यांचीच, म्हणून अध्यक्ष या नात्याने मी मानेवरच बोलणार आहे.

झोपेत मान अवघडली म्हणून येणाऱ्या बहुतेकांना शेक, गोळी आणि चार दिवसांचा धीर पुरतो. मला बोलायचंय ते सत्तरी ओलांडलेल्या आजींबद्दल. त्यांची मान एका दिवसात पार धरते, ताप चढतो, सीआरपी भडकतो. मेंदूज्वराच्या शंकेने पाठीतलं पाणी काढलं जातं, ते स्वच्छ निघतं. मग टेम्पोरल आर्टरीच्या दाहाचा संशय येतो. अँटिबायोटिक चालूच असतं. या धावपळीत दुसऱ्या मणक्याच्या डेन्सकडे कुणी पाहिलेलंच नसतं. १९८५ मध्ये फ्रान्समधल्या बूवे आणि सहकाऱ्यांनी ज्याला ‘क्राउन्ड डेन्स सिंड्रोम’ म्हटलं, तो हा आजार. गुडघ्यात स्यूडोगाउट करणारे कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक इथे डेन्सभोवतीच्या लिगामेंटमध्ये साचून पेटतात.

खाटेपाशी उभं राहून एक गोष्ट करा. आजींना हनुवटी छातीला लावायला सांगा, मग खांद्यावरून मागे बघायला सांगा. मानेचं सुमारे निम्मं वळणं पहिल्या दोन मणक्यांमध्ये होतं. त्यामुळे या आजारात मान खाली थोडीफार जाते, पण बाजूला वळवताना आजी अख्खं धड वळवतात. मेंदूज्वरात सहसा उलट असतं, मान पुढे झुकवणंच अवघड होतं. या तपासणीवर विसंबून पाठीतलं पाणी काढणं टाळा, असं मी म्हणत नाही. पण सीटीच्या चिठ्ठीवर ‘डेन्सभोवती कॅल्शियम?’ एवढं लिहायला ती पुरते.

हो, सीटीच. आपल्याकडे मान दुखली की एमआरआय हा रिवाज झालाय. रुग्णही ‘मणक्यात गॅप आहे’ असं सांगत फिल्म घेऊनच येतो. एमआरआयमध्ये सूज छान दिसते, कॅल्शियम मात्र सहज निसटतं. सीटीत बोन विंडो लावली, की डेन्सच्या मागे-बाजूला पांढरी किनार दिसते. अर्थात, अशी किनार काहीही न दुखणाऱ्या वृद्धांमध्येही सापडते. नुसत्या फिल्मवर निदान करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा ऐकावं.

दुसरा आजार तिशी ते साठीतला. मान दुखते आणि आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी येतं. एमआरआयमध्ये घशामागे द्रव दिसतो, अहवालात ‘गळू’ येतं आणि ऑपरेशन थिएटरची तयारी सुरू होते. पण द्रवाभोवती कॉन्ट्रास्टची कडा उमटत नसेल आणि पहिल्या-दुसऱ्या मणक्यासमोर कॅल्शियमचा ठिपका असेल, तर हा लाँगस कोलाय स्नायूच्या टेंडनचा दाह आहे. हार्टली यांनी १९६४ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप निवळतो. दाहशामक गोळी पुरते, चिरायचं तिथे काही नसतं.

आता माझी खरी धास्ती. ही निदानं एकदा कळली की आवडायला लागतात आणि मग दिसेल त्या मानेला स्टिरॉइड सुरू होतं. आपल्या देशात मणक्याचा टीबी रोजच्या ओपीडीत बसलेला असतो. आठवड्यांपासूनचं दुखणं, वजन घटणं, रात्रीचा घाम, हातापायांतली शक्ती कमी होणं, यातलं एकही असेल तर स्फटिकांचं नाव काढू नका. लहान मुलाची मान घशाच्या संसर्गानंतर वाकडी झाली, तर ग्रिझेल सिंड्रोमसाठी पहिल्या दोन मणक्यांची जागा तपासा. तिथे जोर लावून मान सरळ करणं घातक ठरू शकतं. आणि आजींना कोल्चिसिन किंवा वेदनाशामक देण्याआधी क्रिएटिनिन बघा. हे शेवटचं तर आपण सगळेच विसरतो.

आयोजकांकडे माझं एक मागणं आहे. पुढच्या परिषदेत मानेच्या रुग्णांवर एक सत्र असं ठेवा, जिथे आपण चारही शाखांचे लोक एकाच फिल्मसमोर उभे राहू आणि अहवाल वाचण्याआधी रुग्णाची मान कुठे अडते ते एकमेकांना सांगू.