जे कमी असेल ते



वास्तुरचनाकार, अभियंते व ठेकेदारांच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून 'वाढते शहर आणि वीज' या विषयाचा मी आढावा घ्यावा, असे आयोजन समितीने सुचवले आहे. तो थोडक्यात घेतो. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली. शहराच्या विमाननगर, हडपसर, वाकड अशा तीन अंगांना मोठे मॉल उभे राहिले आणि विजेची मागणी वाढली. देशाने 2022 पर्यंत छपरांवर 40 गिगावॉट सौर वीज उभारायचे ठरवले होते. त्या मुदतीत आपण त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचलो नाही. 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि घरांच्या गच्च्यांवर पॅनल दिसू लागले, पण ती योजना घरांपुरती आहे. आढावा इथेच थांबवतो. उरलेला वेळ मला चार शब्दांवर बोलायचे आहे. ते शब्द आहेत, 'जे कमी असेल ते'.

2017 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत एक कलम आहे. नव्या इमारतीने सौर यंत्रणेसाठी जागा राखून ठेवावी. किती? छपराच्या 25 टक्के, किंवा इमारतीच्या कमाल मागणीच्या अथवा जोडभाराच्या 1 टक्का वीज निर्माण करायला लागेल तेवढी. दोहोंपैकी जे कमी असेल ते. आता हिशेब मांडा. मॉलचे छप्पर 20,000 चौरस मीटर आणि जोडभार 5 मेगावॉट धरू. एका किलोवॉटला सावली नसलेली साधारण 10 चौरस मीटर जागा लागते. छपराचे 25 टक्के म्हणजे 5,000 चौरस मीटर, म्हणजेच 500 किलोवॉट. जोडभाराचा 1 टक्का म्हणजे 50 किलोवॉट. दहापटीचा फरक! आणि 50 वर थांबायची मुभा कलमानेच देऊन ठेवली आहे.

मालक 50 घेतो, त्यात त्याचा दोष नाही. त्याला 50 चा आकडा काढून देणारे आपणच असतो. एका मॉलचा हा हिशेब मी स्वतः करून दिला. हरित मानांकनासाठी कागद हवा होता आणि घाई होती. छपराच्या नकाशावर एका कोपऱ्यात चौकोन काढला, बाकीचा कागद कोरा सोडला. कोरी जागा कोरी राहत नाही. कूलिंग टॉवर दक्षिण कडेला आले, कारण पाइप तिथून जवळ पडत होता. मग एक्झॉस्टचे डक्ट आले, मोबाइलचा टॉवर आला, होर्डिंगचा सांगाडा आला. प्रत्येकाला जागा मिळाली.

पाच वर्षांनी त्याच मालकाने मला बोलावले. बिले वाढली होती, त्याला छपरावर मोठी यंत्रणा हवी होती. आम्ही वर गेलो. दक्षिणेकडच्या टॉवरांची सावली निम्म्या गच्चीवर. रांगेतल्या एका पॅनलवर सावली पडली, तरी सगळी रांग मंदावते, हे इथे कुणाला सांगायला नको. उरलेले छप्पर मल्टिप्लेक्सवरचे होते. खाली खांब नाहीत, लांब गाळ्याचे ट्रस आणि वर पत्र्याचा डेक. पॅनल आणि त्यांचा सांगाडा मिळून चौरस मीटरला 15 ते 20 किलो वजन येते, शिवाय वारा खालून उचलतो तो वेगळाच. आरसीसी कन्सल्टंटने जुने ड्रॉइंग पाहिले आणि मिटले. "डिझाइनच्या वेळी एक शब्द टाकला असता, तर ट्रस तसे केले असते," एवढेच तो म्हणाला. तो शब्द मी टाकायला हवा होता. त्या कागदावर सही माझी आहे.

काल इथे वाद झाला, की छपरावरच्या विजेने मॉल चालत नाही, मग हा खटाटोप कशाला? चालत नाही, हे खरे. 1 मेगावॉटमधून दिवसाला सरासरी 4,000 युनिट मिळतात. मॉलची भूक त्याहून पुष्कळ मोठी आहे. पण एप्रिलमध्ये दुपारी 1 वाजता चिलर रूममध्ये उभे राहून पाहा. मीटर सर्वांत जोरात पळतो, तेव्हाच वर ऊन सर्वांत कडक असते. शिवाय पॅनलखालचा स्लॅब कमी तापतो आणि वरच्या मजल्याचा एसीचा भार हलका होतो. एवढी भर सोडून द्यायची ती का?

दुसरे मित्र म्हणाले, 2022 च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या नियमांनी 100 किलोवॉटपासूनच्या ग्राहकांना बाहेरून वीज घ्यायची वाट दिली आहे, मग छपराचा हट्ट नको. ती वीज जरूर घ्या. पण तिच्यासाठी कुठेतरी जमीन लागते, तारा लागतात, वहनाचा आकार आणि गळती सोसावी लागते. शहराने स्वतःचे छप्पर रिकामे ठेवून गावाची जमीन मागावी, हे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप गळतीचा. पॅनल आले की वॉटरप्रूफिंग फुटते, असे ठेकेदार सांगतात. दुसऱ्या एका व्यापारी संकुलात आम्ही काँक्रीटचे पेडेस्टल आधी स्लॅबबरोबर ओतले, वॉटरप्रूफिंग नंतर त्यांच्याभोवती चढवले. पॅनल बसवताना छिद्र पाडावे लागले नाही. कूलिंग टॉवर उत्तरेकडे नेले. पाइप थोडा लांबला, इतकेच. त्या गच्चीने कितीतरी पावसाळे काढले, खालच्या एकाही दुकानदाराने बादली ठेवली नाही. गळते ते पॅनलमुळे नाही, नंतर सुचलेल्या शहाणपणामुळे.

म्हणून परिषदेने तीन गोष्टी हाती घ्याव्यात. छपराचा स्वतंत्र नकाशा पहिल्याच बैठकीत व्हावा. पॅनलचा भार आरसीसी कन्सल्टंटला लेखी कळवावा. आणि 'जे कमी असेल ते'च्या जागी 'जे जास्त शक्य असेल ते' यावे, यासाठी शासनाकडे निवेदन जावे. तपशील समितीने ठरवावेत. मी लागेल तेवढा वेळ देईन.

तरुण मित्रांनो, कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पण नकाशा आज तुमच्या टेबलावर आहे आणि 500 लिहायला कोणत्याही कलमाने मनाई केलेली नाही. छपराचा कागद कोरा पाठवू नका. माझ्या त्या मॉलवर आजही 50 किलोवॉटच आहेत, आणि ती इमारत आणखी 50 वर्षे उभी राहणार आहे.